गरुड दाखवायचा शब्द दिलाय ना, मग जागा कमी करा

पत्र

ताई, नमस्कार. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. आमच्या ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांची गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. चालतात, पण सावकाश. नातू अकरा वर्षांचा आहे, पुण्याला असतो. त्याला सध्या गरुडाचं वेड लागलंय. उन्हाळ्यात आला होता तेव्हा किल्ल्यावर घिरट्या घालणाऱ्या घारींना तो गरुड म्हणाला. 'अरे, त्या घारी' असं मी म्हटल्यावर हिरमुसला आणि म्हणाला, 'मग मला खरा गरुड दाखव.' मी हो म्हणून बसले. जावयांनी नाताळच्या सुटीतला बेत आखून पाठवलाय: सहा दिवसांत चंबळ, भरतपूर, रणथंभोर, ओरछा आणि पन्ना. एका हॉटेलवाल्याने वर थोडे पैसे घेऊन गरुड दाखवायची गॅरंटीही दिलीय. हे म्हणतात, थंडीत एवढी धावाधाव कशाला, पोराला टीव्हीवर दाखव. बेत बरोबर आहे का? आणि गरुड नाहीच दिसला तर पोराला काय सांगू?
– एक आजी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर

ताई, नमस्कार.

हा बेत मोडा. नातवाला दिलेला शब्द मात्र मोडू नका, कारण तो पुरा होण्यासारखा आहे. ग्वाल्हेरच्या आजीला तो जितक्या सहज पुरा करता येईल तितका पुण्या-मुंबईच्या माणसाला येणार नाही. हिवाळ्यात गरुड आपल्या जवळपास उतरतात. चंबळेचा राजघाट आपल्यापासून साठेक किलोमीटरवर आहे आणि भरतपूर धौलपूर-आग्र्याकडून गेलं तर पावणेदोनशेच्या आसपास. एवढं जवळ असताना सहा दिवसांत हजारावर किलोमीटर गाडीत बसायचं कशासाठी?

जावयांनी बेत मनापासून आखलाय, हे दिसतंच. पण एक ठिकाण बघून झालं की पुढच्याला निघायचं, असा तो आहे. किल्ले आणि छत्र्या तशा बघता येतात, पक्षी येत नाहीत. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतेय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी भाचीला घेऊन अशीच निघाले होते, चार दिवस आणि चार जागा. तिसऱ्या दिवशी आम्ही एका तळ्याच्या बांधावर सकाळी साडेसहापासून बसलो होतो. साडेनऊ वाजले, खोली सोडायची वेळ झाली, पुढचा रस्ता लांबचा होता, म्हणून मीच तिला उठवलं. दुपारी रस्त्यातल्या ढाब्यावर त्याच तळ्याहून आलेलं एक कुटुंब भेटलं. आम्ही उठल्यावर अर्ध्या तासात तिथे दोन गरुड एका बदकावरून आभाळात झटापट करत होते म्हणे. भाची मला काही बोलली नाही. खिडकीबाहेर बघत बसली. त्या दिवसानंतर पक्षी बघायला निघाले की मी एका ठिकाणी तीन दिवसांखाली राहत नाही.

साडेनऊला उठणं ही चूक का होती, ते नीट समजून घ्या, कारण तुमचा सगळा बेत त्यावर बसवायचा आहे. गरुड अंगाने जड असतो. पंख मारत उडायला त्याला फार ताकद लागते, म्हणून तो होता होईतो तसं उडत नाही. सकाळी ऊन तापेपर्यंत तो झाडावर बसून असतो, बरेचदा वठलेल्या झाडावर किंवा बाभळीच्या शेंड्याखालच्या जाड फांदीवर, अंग फुगवून. लांबून तो फांदीवर अडकलेल्या काळ्या पोत्यासारखा दिसतो. मग जमीन तापते, तापलेली हवा वर चढू लागते, आणि नऊ-साडेनऊ-दहाच्या सुमारास तो पंख पसरून त्या हवेवर स्वार होतो. पंख न हलवता, गोल गोल फिरत, बघता बघता ठिपक्याएवढा होतो. दुपारभर तो असा वर असतो किंवा कुठेतरी सावलीला बसतो. चारच्या पुढे पुन्हा पाण्याकडे येतो.

म्हणजे सकाळी सात ते नऊ झाडं बघायची, नऊनंतर आभाळ आणि संध्याकाळी पाणी. लोक नेमकी उलट चूक करतात. पहाटे जातात, आभाळाकडे बघत राहतात, काही दिसत नाही म्हणून नऊला नाश्त्याला परततात. गरुड उठायच्या वेळी माणसं बेडईच्या दुकानात असतात.

संध्याकाळचं पाणी बघायचं म्हणजे पाण्यावरचे पक्षी बघायचे. तळ्यात वारकरी नावाचे पाणपक्षी असतात, काळेभोर आणि कपाळावर पांढरं गंध लावल्यासारखे. एरवी ते पाणवनस्पती खात तळंभर पांगलेले असतात. गरुड वर आला की ते आक्रसून एका जागी गोळा होतात, पाण्यावर काळी सतरंजी टाकावी तसे. ते दिसलं की लगेच मान वर करायची. बदकांचंही तसंच. दलदली भोवत्या नावाचा एक शिकारी पक्षी बोरूवरून, पाण्यावरून अगदी खालून तरंगत जातो, तेव्हा त्याच्या वाटेतली थोडी बदकं उठतात आणि मागे पुन्हा बसतात. पण सगळं तळं एकदम उठलं, हजार पंखांचा आवाज आला, तर वर कुणीतरी मोठं आहे. नातवाला हे एवढं शिकवलंत तर तो दुर्बिणीशिवाय गरुड शोधेल. मला विचाराल तर गरुड दिसण्याइतकीच ही शोधायची रीत मोलाची आहे. ती कळल्यावर पोरगं कंटाळत नाही.

आता तारखा. तुमच्या बेतातली सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. नाताळची सुटी म्हणजे आपल्याकडे धुक्याचे दिवस, ते तुम्हाला मी काय सांगावं! आग्र्याचा रस्ता सकाळी दिसत नाही, गाड्या सहा-सहा तास उशिरा येतात. भरतपूरच्या उद्यानात डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत कित्येकदा दहा-अकरापर्यंत समोरचं झाडही दिसत नाही. आणि ऊनच पडलं नाही तर जमीन तापत नाही, हवा चढत नाही, गरुड दिवसभर फांदीवरून हलत नाही. त्यातून वर्षअखेरची गर्दी. म्हणून दिवाळी धरा. पुण्याच्या शाळांना भाऊबीजेनंतरही बहुधा काही दिवस सुटी असते. भाऊबीज झाली की झेलमने किंवा गोवा एक्सप्रेसने लेक-जावई पोराला घेऊन येऊ देत आणि नोव्हेंबरच्या मध्याला निघा. आभाळ स्वच्छ असतं, थंडी बेताची असते, उत्तरेकडचे पाहुणे येऊन पोचलेले असतात. दिवाळी ऑक्टोबरातच उरकली असेल तर मात्र घाई करू नका, तेव्हा सगळे गरुड आलेले नसतात. मग फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा घ्या, शाळेतून तीन-चार दिवसांची रजा मागून. तुम्ही स्वतः शिक्षिका होतात, असं पत्र कसं लिहायचं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि काहीच जमलं नाही, नाताळच धरावा लागला, तर पहाटे पोराला थंडीत उठवू नका. पोटभर खाऊन दहाला बाहेर पडा आणि सूर्य मावळेपर्यंत आत रहा.

नोव्हेंबरचा आणखी एक फायदा आहे. पावसाळ्यानंतर भरतपूरला चित्रबलाक घरटी करतात. पाण्यात उभ्या असलेल्या एकेका बाभळीवर दहा-दहा, पंधरा-पंधरा. नोव्हेंबरात त्यांची पिल्लं मोठी झालेली असतात, अजून गुलाबी पिसं न आलेली, राखाडी, आणि भुकेने सतत ओरडणारी. पाऊस बरा झाला असेल तर ती दिसणारच, अगदी रस्त्यालगत. गरुडाची वाट बघताना पोराच्या डोळ्यांना हे काम पुरेल.

तर बेत असा करा. पहिल्या दिवशी चंबळ, ग्वाल्हेरहूनच जाऊन-येऊन. एक दिवस घरी आराम. मग तीन रात्री भरतपूर. बस. रणथंभोर आणि पन्ना काढून टाका. दोन्ही जंगलं सुंदर आहेत, पण तिथली सफारीची जिप्सी गाडी वाघाच्या मागावर धावते, झाडावर बसलेल्या पक्ष्यासाठी ती थांबवायला लावली की बाकीचे पाच जण वैतागतात. शिवाय त्या धक्क्यांनी यजमानांच्या गुडघ्यांचे हाल होतील.

भरतपूर गुडघ्यांसाठी फारच सोयीचं आहे. केवलादेव उद्यान जेमतेम एकोणतीस चौरस किलोमीटरचं. दारापासून केवलादेवाच्या देवळापर्यंत सरळ, सपाट, डांबरी रस्ता आणि दोन्ही बाजूंना पाणी. खासगी मोटारी आत नेता येत नाहीत. सायकलरिक्षा असतात, तासावर. सायकलरिक्षाच घ्या. तिला आवाज नाही, उंच बसायला मिळतं, हवी तिथे थांबते, आणि ती चालवणारे कित्येक जण वर्षानुवर्षं पक्षी दाखवताहेत. घुबड कुठल्या ढोलीत आहे, अजगर कुठल्या बिळाबाहेर ऊन खायला येतो, हे त्यांना पाठ असतं. पहिल्या दिवशी ज्याची रिक्षा आवडेल त्यालाच तिन्ही दिवसांसाठी सांगून ठेवा. माणूस ओळखीचा झाला की तोही तुमच्यासाठी मन लावून शोधतो. यजमानांसाठी घडीची एक खुर्ची न्या, पाठ टेकता येईल अशी. रिक्षा लावायची, बांधावर खुर्ची मांडायची, चहाचा थर्मास काढायचा आणि दीड-दोन तास तिथून हलायचं नाही. मी लिहून देते, सगळ्यात आधी गरुड त्यांनाच दिसेल, कारण तुम्ही आणि नातू चुळबूळ करत असाल आणि ते एका जागी शांत बसलेले असतील. टीव्हीपेक्षा हे किती वेगळं आहे, ते मग त्यांना तुम्ही सांगायची गरज नाही.

दिसेल कोण? पाणथळीवरचा खरा मालक म्हणजे ग्रेटर स्पॉटेड, मोठा ठिपकेवाला गरुड. गडद तपकिरी, आखूड शेपटीचा, वारकरी आणि बदकं मारणारा. हा पूर्व युरोप आणि रशियाच्या दलदलींतून येतो. त्याचा भाऊबंद, भारतीय ठिपकेवाला, इथेच राहणारा. इंपीरियल आणि स्टेपी हेही येतात. स्टेपी गरुड कझाकस्तान-मंगोलियाच्या गवताळ माळांवरून हिमालय ओलांडून येतो, आणि त्याची संख्या इतकी घटली आहे की 2015 पासून धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत तो संकटग्रस्त आहे. तुऱ्याचा सर्पगरुड बारमाही असतो आणि बऱ्याचदा रस्त्याच्या कडेच्या झाडावरच बसलेला सापडतो, पिवळे डोळे, चोचीच्या मुळाशी पिवळी कातडी. माझा अंदाज आहे की नातवाचा पहिला गरुड हाच असेल.

नावांवरून मात्र पोराला हैराण करू नका. तपकिरी गरुड ओळखणं फार अवघड काम आहे. त्यांची पिसं पिल्लूपणापासून प्रौढ होईपर्यंत पाच-सहा वर्षं बदलत असतात, त्यामुळे एकाच जातीचे दोन गरुड वेगळे दिसतात आणि दोन जातींचे एकसारखे. वीस-वीस वर्षं पक्षी बघणारी माणसंही फोटो पुढ्यात ठेवून वाद घालतात. 'गरुड' एवढं ठरलं तरी पुष्कळ झालं. ते कसं ठरवायचं, हे शेवटी सांगते.

देवळापाशी पोचाल तेव्हा तिथला दगडी शिलालेख पोराला वाचायला लावा. भरतपूरचे राजे पाहुण्यांसाठी इथे बदकांची शिकार ठेवत, कुठल्या दिवशी किती बंदुका आणि किती पक्षी पडले ते त्यावर कोरलंय. 1938 साली व्हाइसरॉय लिनलिथगो आले तेव्हाचा आकडा आहे 4,273. एका दिवसाचा. पुढे याच जागेचं राष्ट्रीय उद्यान झालं, 1985 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. सगळंच काही वाचलं नाही. सायबेरियाहून येणारे पांढरे क्रौंच इथे 2002 नंतर दिसले नाहीत. मुलांना असं सांगू नये, वाईट वाटतं, असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. अकरा वर्षांच्या मुलाला हे कळतं, आणि समोरच्या गरुडाकडे तो आणखी नीट बघतो.

निघण्याआधी एक फोन जरूर करा, हॉटेलवर नको, रिक्षावाल्यांपैकी कुणाला तरी. एकच प्रश्न: यंदा पाणी किती आहे? भरतपूरचं सगळं पाण्यावर आहे. ही तळी नैसर्गिक नाहीत, बांध घालून, बाहेरून पाणी आणून भरलेली आहेत. पूर्वी गंभीर नावाच्या नदीचं पाणी अजान बांधातून यायचं. वर पांचना धरणात ते अडलं तेव्हा काही वर्षं उद्यान अक्षरशः कोरडं पडलं होतं. आता गोवर्धनकडच्या नाल्याचं येतं, आणि चंबळचंही नळाने येतं. चंबळ आधी बघा म्हणते त्याचं हेही एक कारण आहे. पहिल्या दिवशी जी नदी पोराने पाहिली तिचं पाणी चौथ्या दिवशी चित्रबलाकांच्या पायाखाली बघेल. आणि पाणी कमी असल्याचं कळलं तर भरतपूरची एक रात्र कमी करून चंबळला दुसरी फेरी करा.

चंबळचा दिवस असा. पहाटे साडेपाचला लष्करातून निघालात की उजाडता-उजाडता मुरैना ओलांडून राजघाटला पोचता, मुरैना आणि धौलपूरच्या मध्ये, पुलापाशी. बोटी सुरू आहेत ना आणि पहिली किती वाजता सुटते, हे आदल्या दिवशी वनखात्याकडे विचारून ठेवा. बोटीत चढताना यजमानांना दोघांनी हात द्या, एवढीच काय ती कसरत. नंतर दोन तास नुसतं बसायचं आहे. वाळूवर घडियाल आणि मगरी ऊन खात असतात, काठाला चक्रवाकाच्या जोड्या आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेले राजहंस. गरुडापैकी बोनेली इथे दिसू शकतो. बीहडांच्या, म्हणजे नदीकाठच्या घळींच्या, मातीच्या कड्यांवर नजर ठेवा. आणि ऑस्प्रे. तो खरं तर गरुडांच्या कुळातला नाही, त्याचं कुळ वेगळं आहे, पण मासा दिसल्यावर पाय पुढे करून पाण्यात आदळतो आणि मासा पकडून त्याचं तोंड पुढे येईल असा लांबट धरून नेतो. हे एकदा पाहिल्यावर नातू कुळाबिळाचं विचारणार नाही.

बोटवाल्याला पाणचिरा विचारा. काळा-पांढरा, नारिंगी चोचीचा, खालची चोच वरच्यापेक्षा लांब. उडता उडता ती पाण्यात बुडवून पाणी चिरत जातो. जगात हा फार थोडा उरला आहे आणि चंबळ हे त्याच्या मोजक्या घरांपैकी एक. नोव्हेंबरात पाणी नुकतंच उतरत असतं, त्यामुळे थोडेच दिसतील, वाळूची बेटं उघडी पडतात तसे ते वाढतात. फोटोसाठी बेटावर उतरवतो असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. परतताना मुरैन्याला गजक घ्या आणि वेळ असेल तर देवरीचं घडियाल केंद्र बघा, छोटी पिल्लं हौदात असतात.

आता त्या गॅरंटीबद्दल. ते पैसे देऊ नका. रानातल्या पक्ष्याची खात्री देणारा माणूस दोनच गोष्टी करू शकतो. एक तर घारीला गरुड म्हणून दाखवेल, किंवा मांसाचे तुकडे टाकून, नाहीतर जिवंत कोंबडी बांधून पक्ष्याला खाली आणेल. मी एका ठिकाणी याहून सरळ प्रकार पाहिला आहे. गाइडने झाडावर शांत बसलेल्या गरुडाला दगड मारून उडवलं, पाहुण्यांना उडतानाचा फोटो हवा म्हणून. सकाळच्या थंडीत, हवा चढायच्या आधी, त्या पक्ष्याला नुसतं पंख मारत तळं पार करावं लागलं. किती दमला असेल तो. मी तेव्हा ओरडले, पण उशिरा ओरडले. तुमच्यासमोर कुणी हात खाली दगडाकडे नेला तर तेव्हाच अडवा. 1972 च्या वन्यजीव कायद्याचं गरुडांना संरक्षण आहे, हे तोंडावर सांगा. फोनवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावतात, तेही नको.

हमखास गरुड दिसण्याची एक जागा आहे, ती लपवत नाही. बिकानेरजवळ जोड़बीड़. तिथे मेलेली गुरं आणि उंट टाकतात आणि हिवाळ्यात स्टेपी गरुड आणि गिधाडं शेकड्यांनी उतरतात. पण ग्वाल्हेरहून फार लांब, वास असह्य, भटकी कुत्री खूप. नातू पंधरा-सोळाचा झाल्यावर त्याच्या बाबांनी न्यावं.

ओरछाचं मात्र माझं मन होत नाही काढून टाकायला. म्हणून ते आत्ता नको, पण पुढच्या खेपेला नक्की, वेगळी एक रात्र ठेवून. बेतवेकाठच्या छत्र्यांवर लांब चोचीची गिधाडं राहतात, कळसाखालच्या कोनाड्यांत त्यांची घरटी असतात. तुम्ही माझ्याहून मोठ्या आहात, तुम्हाला आठवत असेल, गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडांची रांग बसायची. आम्ही मुली नाकाला ओढणी लावून सायकल पळवायचो. मग ती एकाएकी दिसेनाशी झाली. गुरांना देतात ते डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक औषध त्यांना मारत होतं, हे 2004 मध्ये उघड झालं, 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एखादं उरावं इतकी संपली होती. ओरछाच्या छत्रीवर पिल्लाला भरवणारं गिधाड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं. नातवाला तेही दाखवायलाच हवं, पण गरुडाच्या घाईत नको.

सामानाचं थोडक्यात. दुर्बीण 8x42 ची घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला. दहा पटीची घेऊ नका, हातात थरथरते. पोराच्या हाताला 8x32 हलकी पडेल, पण दोन घ्यायच्या तरच. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडा आत फिरवून बघायचं, नाहीतर चित्र अर्धंच दिसतं. पांढरे, भडक कपडे नकोत, मातकट रंगाचे घाला. कानटोपी, हातमोजे.

'नाहीच दिसला तर काय सांगू,' असं विचारलंत. खरं ते सांगा. आपण तीन दिवस त्याच्या घरी बसलो, तो आला नाही, फेब्रुवारीत पुन्हा येऊ. जवळ आहे, येता येतं. पण मला वाटत नाही तशी वेळ येईल. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, पाणी असलेल्या वर्षी, भरतपूरला तीन दिवस दहा ते बारा आणि चार ते सहा बांधावर बसून मी गरुडाशिवाय परतलेली नाही.

निघायच्या आधी एक रंगीत तालीम तिघऱ्याला करा, पोरगं आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. वीस-बावीस किलोमीटर, संध्याकाळी जाऊन येण्यासारखं. धरण 1916 चं. आपोआप उघडणारे दरवाजे विश्वेश्वरय्यांनी आधी 1903 मध्ये पुण्याच्या खडकवासल्याला बसवले आणि मग आपल्या तिघऱ्याला. पुण्याच्या पोराला हे ऐकायला मजा येईल. तिथे त्याला दुर्बीण डोळ्याला लावून उडता पक्षी पकडायची सवय होऊ दे. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची, दुर्बिणीतून पक्षी शोधायचा नाही. पहिले दोन दिवस जमत नाही, म्हणून ते भरतपूरला शिकत बसायला नको.

आणि दिवाळीपर्यंत थांबू नका, आज रात्रीच त्याला फोन करा. त्याच्या गच्चीवरूनही घारी दिसतात. घारीच्या शेपटीला मध्ये खाच असते, माशाच्या शेपटीसारखी, आणि वळताना ती शेपटी सुकाणूसारखी तिरकी करते. गरुडाची शेपटी आखूड आणि गोलसर, पंख रुंद पाटासारखे, आणि त्यांच्या टोकाला बोटं फाकवल्यासारखी पिसं. रोज शाळेतून आल्यावर दहा मिनिटं गच्चीत जा म्हणावं, दहा घारींच्या शेपट्या नीट बघ, आणि त्यांची चित्रं वहीत काढून ग्वाल्हेरला येताना घेऊन ये.